न जळणारी वात

मामाने भाऊबिजेला बहिणीच्या तबकात दगड टाकला, असं मी पुष्कळ वर्षं चेष्टेने सांगत असे. ऐकणारे हसायचे. आई हसायची नाही, पण ते माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला.

भाषेवार नवं राज्य झालं त्या छप्पन सालची ती दिवाळी. आम्ही हैदराबादेत, गौलीगुड्यातल्या एका बोळात राहत होतो; बोळात बरीच घरं मराठी. मी दहा वर्षांची होते. वडील जुन्या राज्याच्या एका दफ्तरात होते. जन्मभर उर्दूत टिपणं लिहिलेली, घरात मराठी, भाजीवालीशी तेलुगू. त्या राज्याचे आता तीन वाटे झाले होते आणि जिल्ह्यांबरोबर माणसांचीही वाटणी चालली होती. वडिलांचा जन्म परभणीकडचा, म्हणून त्यांचं नाव मुंबई राज्याकडे जाणाऱ्यांच्या यादीत पडलं. यादी कच्ची होती, अर्ज करायला मुभा होती. पक्का हुकूम येईपर्यंत दफ्तरातली अर्धी माणसं सामान बांधावं की नाही या विवंचनेत होती आणि उरलेली अर्धी त्यांना सल्ले देत होती.

वडिलांना जाण्याचं फारसं दुःख नव्हतं. आपल्या भाषेच्या मुलखात जाऊ, असं ते म्हणत. त्यांची मराठी ऐकून औरंगाबादचे लोक काय म्हणाले असते ते देव जाणे. आईला मात्र जायचंच नव्हतं आणि त्याचं कारण मामा होता.

मामा तिचा धाकटा भाऊ. लहानपणी तापात त्याचे कान गेले ते गेलेच. लग्न झालं नाही, आमच्याच घरी राहायचा. सगळ्या जगात त्याला फक्त आईचे ओठ वाचता येत; आम्ही बोललो की तो तिच्याकडे बघायचा आणि ती तेच पुन्हा त्याला सांगायची. शहराबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात तो कामाला होता. तिथे वाफेच्या नळ्यांना आणि बॉयलरला गुंडाळायची दोरी होत असे, आगीला दाद न देणारी. ही दोरी दगडाची. कडप्प्याकडच्या खाणींतून पोती येत, त्यातला दगड कुटला की त्याचे रेशमासारखे तंतू सुटत. कारखान्यातल्या तेलुगू बाया त्याला रातिनार म्हणत, आम्ही दगडी कापूस म्हणायचो. मामा तो पिंजायच्या यंत्रावर होता. यंत्राच्या खडखडाटाने इतरांची डोकी उठत, मामाला काही ऐकूच येत नसे, त्यामुळे मालक त्याच्यावर खूश. असा माणूस परगावी नेला तर त्याला काम कोण देणार, आणि इथे एकटा ठेवला तर त्याच्याशी बोलणार कोण? आईचा जीव या एका गोष्टीत अडकला होता.

यादी लागली त्याच दिवशी तिने देवापुढे नंदादीप लावला. पक्का हुकूम येईपर्यंत तो विझू द्यायचा नाही, आणि हुकूम इथेच राहण्याचा यायला हवा, असं तिने देवाला बजावलं. बजावलं हाच शब्द खरा. पण कापसाची वात काजळी धरते, जळत जळत आखूड होते, ती सारावी लागते, बदलावी लागते. बदलताना दिवा गेला तर? आई त्या दिव्यापायी शेजारणीकडे हळदीकुंकवालाही जाईनाशी झाली.

भाऊबिजेला तिने मामाला ओवाळलं. दरवर्षी तो तबकात खण ठेवायचा. त्या वर्षी त्याने खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली. आत पांढरीशुभ्र, मऊ, किंचित चमकणारी लड होती. त्यातला एक पेड त्याने निरांजनाच्या ज्योतीत धरला. पेड लालबुंद झाला. बाहेर काढला तर होता तसा पांढरा. बहिऱ्या माणसाच्या त्या मोठ्या आवाजात मामा म्हणाला, "ताई, ही वात बदलायची नाही. कधीच नाही."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

दगडी कापूस साध्या कापसासारखा वळत नाही, बोटांतून निसटतो. आधी तो विंचरून मोकळा करावा लागतो, मग हाताला राख लावून मांडीवर वळावा लागतो. मोकळा करायचं काम माझ्याकडे होतं. खिडकीतून उन्हाची तिरीप येई आणि त्यात तंतू तरंगत. मी त्यांना म्हाताऱ्या म्हणायचे आणि फुंकर मारून उडवायचे. मला शिंका यायच्या, आईला यायच्या, आणि एकमेकींकडे बघून आम्हाला हसू यायचं. माझ्या लहानपणातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, आणि ते तसेच होते असंच मी म्हणणार.

दिवा विझला नाही. पुढल्या श्रावणात हुकूम आला, वडील इथेच राहिले. आपल्या अर्जातल्या एका विशेष वाक्यामुळे हे घडलं असं वडील सांगत फिरले, पण बोळात त्यांचं कोणी ऐकलं नाही. बोळाने वात पाहिली होती. ज्यांचे हुकूम अजून यायचे होते त्या सगळ्या घरच्या बायका आमच्याकडे येऊ लागल्या. मामा लडी आणत राहिला, मी विंचरत राहिले, आई वळत राहिली, वर्षभर. त्यातल्या निम्म्या लोकांना जावं लागलंच. त्यांनी दोष तेलाला दिला. काचीगुड्याच्या स्टेशनावर त्यांना पोचवायला गेलो तेव्हा देवांच्या डब्यात आईच्या वाती जपून ठेवल्याचं त्यांनी आवर्जून सांगितलं. ती माणसं आज कुठे आहेत, वाती कुठे आहेत, मला ठाऊक नाही.

एकदा मामा डबा विसरला म्हणून आई आणि मी कारखान्यात गेलो. आवारातला कडुनिंब पांढरा होता. पानं, खोड, खाली बसलेलं कुत्रं, सगळं पिठात लोळवल्यासारखं. बाया पदराने नाक बांधून काम करत होत्या, आणि त्याच पदराखाली एकीचं पोर अंगावर पीत होतं. त्याच्या जावळावर तीच धूळ होती. मागच्या नाल्याकाठी टाकाऊ चुऱ्याचा ढीग होता. पलीकडच्या झोपड्यांतले लोक तो टोपल्यांनी नेत, मातीत कालवून चुली लिंपत. अशी चूल तडकत नाही म्हणे. पोरं त्या ढिगावर घसरगुंडी करत होती. मलाही जायचं होतं, पण माझा फ्रॉक धुतलेला होता म्हणून आईने जाऊ दिलं नाही.

मामाला खोकला कधी लागला ते कोणाला नेमकं सांगता आलं नाही. त्याला स्वतःला तो ऐकूच येत नसे. आपण खोकतो आहोत हे त्याला आमच्या चेहऱ्यांवरून कळायचं, आणि मग तो ओशाळून बाहेर जायचा. डॉक्टरांनी क्षय ठरवला. क्षयाची औषधं झाली, दूध-अंडी झाली, आईने सोवळं गुंडाळून ठेवून घरात अंडी शिजवली. काही उपयोग झाला नाही. दहा पावलं चालला की तो भिंत धरायचा. चाळिशी गाठायच्या आत मामा गेला. मालकाने निरोप धाडला की माणूस प्रामाणिक होता, पण मुळातच नाजूक. तोच माणूस दहा वर्षं पोती उचलत होता तेव्हा हा नाजूकपणा मालकाला दिसला नव्हता, याचा मला आजही संताप येतो.

तेराव्याला कारखान्यातली एक तेलुगू बाई आली. आई आणि ती ओसरीवर बराच वेळ बसल्या. मी आत पुऱ्या लाटत होते. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. दुखवट्याचं बोलणं, दुसरं काय असणार. बाई गेल्यावर आईने उरलेली लड आणि देवापुढची वात एका पत्र्याच्या डब्यात घातली, झाकणाभोवती मेण ओतलं आणि डबा माळ्यावर ठेवून दिला. तेव्हापासून देवापुढे कापसाची वात आली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "कापूसच बरा."

त्याच सुमारास तिला एक नवी खोड लागली. मी जिना चढून वर आले की ती विचारायची, "धाप लागते का ग तुला?" मी विशीतली धडधाकट मुलगी. पुढे शाळेत शिकवू लागले, लग्न झालं, दोन गल्ल्या सोडून राहायला गेले, तरी भेट झाली की पहिला प्रश्न तोच. मी वैतागायचे. "मला काय धाड भरली आहे?" म्हणायचे. वर्गात पोरांना एकदा उत्तर मिळालेला प्रश्न पुन्हा न विचारण्याची शिस्त लावणारी मी, आईला ती लावू शकले नाही.

मग धाप तिलाच लागू लागली. तोवर कारखाना बंद पडला होता, मालकाने जागा विकली होती आणि तिथे शादीखाना उभा राहिला होता. कोठी भागातल्या एका डॉक्टरांकडे तिला नेलं. त्यांनी छातीचा फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि मला एकटीला आत बोलावलं. "अम्मा कारखाने में काम करते थे क्या? पत्थर का, धूल का?" मी म्हटलं, छे, उंबरा ओलांडून कधी कामाला गेली नाही. मग त्यांनी विचारलं, घरातलं कोणी होतं का? त्याचे कपडे कोण धूत असे?

मी मामाचं सांगितलं. वातींचं सांगायला तोंड उघडलं आणि त्याचे कपडे आईच धूत असे, एवढंच सांगितलं. डॉक्टर भले होते. हा क्षय नव्हे, तुमच्या मामांनाही बहुतेक क्षय नसावा, म्हणाले. इलाज नाही हेही सांगितलं.

बाहेर बाकावर आई बसली होती. जुना दमा आहे, असं मी तिला सांगितलं. भावाने दिलेल्या ज्या ओवाळणीवर तिचा सगळा संसार तरला असं ती मानत होती, तिनेच हे केलं, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हौ, दमाच." मला वाटलं, पटलं.

शेवटच्या महिन्यात ती उशांना टेकून बसूनच असे. एका दुपारी तिने मला जवळ बोलावलं. एका वाक्याला तिला दोनदा थांबावं लागलं. "माळ्यावरचा डबा. त्यातलं सगळं माझ्याबरोबर जाऊ दे. घरात ठेवू नक्को." भावाची आठवण बरोबर न्यायची आहे, असं मी समजले. मला ते बरंच वाटलं. ती बला मलाही घरात नको होती. मुसी नदीकाठी चितेवर मी तो डबा स्वतः फोडला आणि लड तिच्या उशाशी ठेवली. दगडी कापूस जळत नाही हे ज्या दोन बायकांना पक्कं ठाऊक होतं, त्यातल्या एकीने सांगितलं आणि दुसरीने केलं. दुःखात माणसाची मती जाते म्हणतात ते हेच असावं.

तिसऱ्या दिवशी अस्थी वेचायला मी गेले. बायका येत नाहीत, असं गुरुजी कुरकुरले. मी म्हटलं, वडील आधीच गेले, मी एकुलती एक, मग कोण येणार? राख निवली होती. त्यांनी काठीने बाजूला सारली आणि डोक्याकडच्या कडेला, कोळशांत, लड दिसली. पांढरी. दिवाळीत पुडीतून निघाली होती तशीच.

गुरुजींनी हात जोडले. "केवढी पुण्याई! ही देवळात ठेवू या," म्हणून ते वाकले आणि लड उचलायला त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका," मी ओरडले. स्मशानातली माणसं वळून बघू लागली.

ते ओरडताना मला कळलं. हेच आई इतकी वर्षं करत होती. मेण ओतलेला डबा, पुन्हा आलेली कापसाची वात, ओसरीवर बसलेली ती बाई, आणि भेटीगणिक तो एक प्रश्न. तिला तेराव्यापासून माहीत होतं. दमा नाही हेही माहीत होतं. लड विंचरायला कोण बसायचं, फुंकर कोण मारायचं, ते आठवून ती गप्प राहिली होती. तिला सांभाळायला मी खोटं बोलले होते, आणि मला सांभाळायला तिने ते खरं मानल्याचं दाखवलं होतं.

मी पदर भिजवला, त्यात लड गुंडाळली. मुसीत टाकायला निघाले तर खालच्या बाजूला बाया कपडे धूत होत्या. पुरावी तर उद्या तिथे कोणीतरी पाया खणणार. जाळून तर पाहिलंच होतं. शेवटी ती घरी आणली, दुसऱ्या डब्यात घालून वरून मेण ओतलं. आईने एवढी एकच गोष्ट सांगितली होती आणि तेवढीही मला करता आली नाही.

डबा आता माझ्या माळ्यावर आहे. या वर्षापासून जिना चढताना मला मधल्या पायरीवर थांबावं लागतं. मुलगी येते तेव्हा हसून म्हणते, वय झालं तुझं, आई. मी म्हणते, हौ, वयच.