ऐकवायचं, पाठवायचं नाय

हैदरनं शाळा सोडली का शाळंनं हैदरला, यावर त्याच्या घरी आजून भांडण हाय. नववीतच सुटला. मग शहागंजात मामाच्या मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसला. बसला म्हणायचं निस्तं, बूड कुठं टिकत होतं त्याचं! मामा गिऱ्हाइकासमोर बोलायचा, "इसकी कुर्सी में कीलां हैं क्या, पूछो जरा."

पण कानात गाणं घातलं की हेच पोरगं दगड व्हायचं. गाणं बी कसलं, तर कुणाला ठाऊक नाय असलं. नाव घेतल्यावर समोरचा "कोण?" म्हणला पायजे, तरच हैदरला चव. उरुसाला आलेली एखादी फाटकी कव्वाल पार्टी, कुठल्यातरी वस्तीवरचं भजनी मंडळ, लग्नातला बँड. अशांसाठी तो कुणाशी बी भांडायचा.

ह्याच रोगाचा दुसरा पेशंट म्हणजे रामकिसन. चिकलठाण्याला कंपनीत होता. दर रविवारी दोघं चहाच्या हाटेलात बसायचे आणि आठवडाभरात जे घावलं ते एकमेकाला ऐकवायचे. नियम ठरलेले. एकदा सुरू केलं की शेवटपर्यंत ऐकायचं, मधी थोबाड उघडायचं नाय. आणि दुसरा, रामकिसननं घातलेला: ऐकवायचं, पाठवायचं नाय.

"काऊन पण?" हैदर विचारायचा.

"पाठवलं की लोक पुढं ढकलतेत, ऐकत नाय कुणी. समोर बसलं की माणसाचं तोंड दिसतं."

कन्नडला रामकिसनच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. हैदर गेला जेवायला आणि घावला बन्सीभाऊला. बन्सीभाऊचा द्वारका ब्रास बँड, पाचच माणसं, लाल कोटाच्या झालरी लोंबलेल्या. वरातीत सांगतील ती पिक्चरची गाणी वाजवली. बरी वाजवली, लई नाय. पण लेक सासरी वाटं लावायची येळ आली तसं बन्सीभाऊनं ढोलवाल्या फकिराला हातानं थांबवलं आणि एकट्यानं क्लॅरनेट तोंडाला लावलं.

ती चाल पिक्चरची नव्हती. त्याची सोताची होती. वर वर चढायची, आता फुटतीय का काय असं वाटायचं, आणि तिथंच थांबायची. काहीच नाय. त्या रिकाम्या जागेत नवरीच्या आईचा हुंदका ऐकू यायचा. मग चाल हळूच खाली उतरायची, जसं कुणी लेकराला कडेवरून खाली ठेवतं.

मागून एक पाव्हणा वरडला, "ए, हे काय रडगाणं लावलं? नाचायचं वाजव की!"

हैदर त्याच्या अंगावरच गेला. रामकिसननं दंडाला धरून वढला. पण रेकॉर्डिंग झालं होतं फोनात.

रविवारी रामकिसननं ते शेवटपर्यंत ऐकलं. चहावर साय धरली. मग म्हणला, "परत लाव."

तवापासून हैदर बन्सीभाऊचा झाला. सुट्टी मिळाली की एसटीनं कन्नड. बन्सीभाऊची बायको चतुराबाई भाकर वाढायची आणि टोमणे मारायची, "आला का जावई? बँडात घाला ह्याला एखाद्या झांजेवर." बन्सीभाऊ लई बोलायचा नाय. एकदाच म्हणला, "पोरा, तुझ्यासारखी चार माणसं असती, तर हंगाम निघाला असता." लग्नाच्या सुपाऱ्याच येत नव्हत्या. ज्याला त्याला डीजे पायजे.

हे हैदरच्या डोक्यात बसलं. चार काय, चार हजार माणसं आणून उभी करतो!

मोहल्ल्यातल्या गयासचा डीजे होता. त्याला हैदरनं चाल ऐकवली. गयासचं तोंड उघडंच राह्यलं. "भई, भेज ना मेरेको. सारे शहर को सुनाता मैं."

"बन्सीभाऊका नाम बोलना पडता पन."

"हौ रे, बोलता ना."

आणि हैदरनं पाठवली. रामकिसनला सांगितलं बी नाय.

गयासनं खाली ठोका घातला. ढुम-ढुम, ढुम-ढुम. ती रिकामी जागा होती ना, तिथं तर सगळ्यात मोठा ठोका. दुसऱ्या डीजेंनी ती उचलली, हळदीला वाजली, वरातीला वाजली. पोरं शर्ट काढून नाचली. नाव कुणी घेतलं नाय. आधी हैदरला भारीच वाटलं. बन्सीभाऊ शहरभर वाजतोय! नाव काय, लावू मागून. खुशीत कन्नडला पळाला.

आठवडी बाजार होता. बन्सीभाऊ पोतं टाकून लसूण इकत बसला होता. लसणाला ऊन लागू नाय म्हणून वर लाल कोट ताणला होता, झालरीसकट.

"भाऊ, हे काय? सुपाऱ्या नाय आल्या?"

बन्सीभाऊ लसूण निवडत राह्यला. बोलली चतुराबाईच.

"आली होती की एक. म्हणले, ते डीजेचं गाणं वाजवा वाटं लावताना. ह्यांनी वाजवलं. तर नवरीचा भाऊ म्हणला, तुम्हाला जमना गेलं, मधीच थांबताय, ठोका चुकतोय. आन लावला डीजे. ह्यांच्याच म्होरं."

"पण ते तर भाऊचंच हाय!"

"सांगितलं ह्यांनी. हसले लोकं." ती हैदरकडं बघून म्हणली, "तुझ्या फोनातनंच गेलं ना रं ते?"

हैदरनं फोन खिशात खोल ढकलला.

"जाऊ दे गं," बन्सीभाऊ म्हणला. "प्रेमानं केलं पोरानं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हैदर पोत्यापाशी खाली बसला. "भाऊ, एकदा वाजवा. माझ्यासाठी. आत्ता."

"नाय वाजत आता. तोंडाला लावलं की मधल्या जागी ढुम ऐकू येतंय. तिथं थांबता येईना." मग पाव्हण्यासारखं विचारलं, "लसूण नेतो का घरी? चांगलाय."

परत आला तो सरळ गयासच्या गळ्याला. "निकाल वो! सब जगा से निकाल!"

गयासनं गळा सोडवून घेतला. तो काय वाईट पोरगा नव्हता. "किसकिसके मोबाइल में से निकालूं भई? तूच बोल."

रविवारी हैदरनं रामकिसनला सगळं सांगितलं. रामकिसन त्याला लई बोलंल असं वाटलं होतं. तो नियमाचं अवाक्षर बोलला नाय.

"असल हाय ना तुझ्याकडं? कन्नडची?"

"हाय."

"लाव. एवढ्या शहरात आपण दोघं तरी ती हाय तशी ऐकू."

हैदरनं लावली. फोन दोघांच्या मधी टेबलावर ठेवला. क्लॅरनेट चढत गेलं, वर, आजून वर, आणि थांबलं. नवरीची आई हुंदकली.

त्या जागी टेबलावर टकटक झालं. रामकिसननं खाली बघितलं. हैदरनं बी बघितलं. त्याचंच बोट होतं. ढुम-ढुम, ढुम-ढुम.

त्यानं ते बोट दुसऱ्या हातात दाबून धरलं. चाल खाली उतरायच्या आतच रामकिसननं फोन बंद केला. मधीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.