पराभवाबद्दल हार्दिक अभिनंदन

आपल्या देशाच्या महिला हँडबॉल संघाच्या पराभवांवर मनापासून प्रेम करणारी व्यक्ती साऱ्या भूतलावर एकच आहे, आणि मी तिच्या डोक्यावर राहतो. डोक्यावर म्हणजे वरच्या मजल्यावर. त्या आमच्या घरमालकीणबाई, सगळ्या भाडेकरूंच्या मावशी. संगणक कंपन्यांना खेटून असलेल्या माण गावात आज जिथे आमच्या भाड्याच्या खोल्या आहेत, तिथे पूर्वी त्यांची ज्वारी उभी असायची. आता तिथे संगणक अभियंते उभे असतात, आंघोळीच्या गरम पाण्यासाठी, बादल्या घेऊन. पीक बदललं, पण मावशींची राखण सुटलेली नाही. साठी उलटून गेली तरी सकाळी सहाला अंगणात उभ्या राहून त्या प्रत्येक खोलीकडे अशा बघतात, की आतला माणूस झोपेतच कूस बदलतो.

संघाचा आंतरराष्ट्रीय इतिहास त्यांच्याकडे लिखित स्वरूपात आहे. पतसंस्थेने वाटलेल्या दिनदर्शिकेची पाठ कोरी असते; पुढे चतुर्थ्या आणि मागे पराभव, अशी त्यांची मांडणी. देशांची नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी देश राष्ट्रगीतावरून ओळखायचे ठरवले. ‘लांब गाण्याचा देश. लई मार खाल्ला.’ ‘पिपाणीच्या गाण्याचा देश. अर्ध्यापातुर बरोबरीत, मग दमल्या.’ सामना बघायची जागा म्हणजे त्यांची पुढची खोली, आणि इंटरनेटवर तो सामना शोधून टीव्हीला जोडून देणं हे माझं काम. राष्ट्रगीत लागलं की सगळ्या भाडेकरूंनी उभं राहायचं. आपल्या गाण्याला तर राहायचंच, पण समोरच्या संघाच्याही. “पाव्हण्यांचं गाणं हाय,” मावशी म्हणतात, “बसून ऐकत्यात व्हय?” एका देशाचं गाणं संपता संपेना, तेव्हा तीन नंबरच्या खोलीतला पोरगा भिंतीला टेकला. त्याला पुढच्या सामन्याला प्रवेश मिळाला नाही.

खेळाचे नियम त्यांना समजावून सांगण्याची चूक मी एकदा केली. “हँडबॉल म्हणजे हाताने खेळायचा फुटबॉल,” मी म्हणालो. “आन् फुटबॉल म्हंजी?” त्यांनी विचारलं. त्यानंतर माझ्या शिक्षणाविषयी त्यांचं मत कधीच सुधारलं नाही.

हे वेड सुरू झालं ते पाच नंबरच्या खोलीत राहणाऱ्या अश्विनीमुळे. लातूरकडची ही मुलगी दिवसा इथल्या एका कंपनीत फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि संध्याकाळी आमच्या अंगणात भिंतीवर चेंडू आपटून तो अडवायची. ती गोलरक्षक होती. चौथ्या दिवशी मावशी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “भित्ताड काय नेम धरतंय का? आण हिकडं.” मावशींचं बालपण शेतातल्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकण्यात गेलेलं. अंगणाच्या टोकाला दोन पाण्याचे ड्रम ठेवून त्यांचा गोल केला गेला, आणि मावशींनी पदर खोचून जो पहिला चेंडू मारला, तो अश्विनीच्या डाव्या पावलाजवळून गेला आणि मागची तुळस कुंडीसकट आडवी झाली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पन्नास चेंडू. बाकीचे भाडेकरू तेवढा वेळ दारं लावून घेत. “डाव्या पायाशी कच्ची हायेस तू,” मावशी बजावायच्या, आणि पुढचे दहा चेंडू नेमके तिथेच मारायच्या.

पुढे अश्विनीला राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं, आणि तिसरी गोलरक्षक म्हणून ती संघात गेलीसुद्धा. तिसरी गोलरक्षक म्हणजे जिचा पोशाख धुवावा लागत नाही अशी खेळाडू. जाताना तिने मावशींना सांगितलं, “बाबांनी एक वर्ष दिलंय. एकदा तरी मैदानात उतरले नाही तर खेळ सोडायचा, असं कबूल करून आलेय.” मावशी एवढंच म्हणाल्या, “खोली तुझीच हाय.” माणमध्ये रिकामी खोली ठेवणं म्हणजे काय, हे इथल्या घरमालकांना विचारा. पाच नंबरला कुलूप लागलं, आणि तेव्हापासून दिनदर्शिकेच्या पाठीवरची प्रत्येक नोंद एकाच वाक्याने संपू लागली: ‘अश्विनी: बाकड्यावर.’

पण मावशी खऱ्या प्रसिद्ध झाल्या त्या फ्लेक्समुळे. आमच्या गावात दात पडला तरी फ्लेक्स लागतो. मावशींनी रस्त्याकडेच्या भिंतीवर पहिला लावला, त्यावर मजकूर होता: ‘मागच्या वेळेपेक्षा कमी गोल खाल्ल्याबद्दल महिला हँडबॉल संघाचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून आम्हा सर्व भाडेकरूंचे फोटो. माझा फोटो त्यांनी आधारकार्डाच्या झेरॉक्सवरून घेतला होता, त्यामुळे अभिनंदन करतानाही मी जामिनावर सुटल्यासारखा दिसत होतो. संध्याकाळी कंपन्या सुटल्या की त्या भिंतीसमोर गाड्या तासभर हलत नाहीत. हजारो सुशिक्षित माणसं काच खाली करून तो मजकूर वाचत आणि पुन्हा वाचत. शेजारच्या मारुंजी गावातल्या फ्लेक्सवाल्याने नीट सुचवलं होतं, “मावशी, ‘घवघवीत यश’ टाकू का? चांगलं दिसतं.” मावशी म्हणाल्या, “खोटं कशाला टाकतोस? पोरी खऱ्या हरल्यात.”

याचा सगळ्यात जास्त त्रास झाला तो गावच्या भाऊंना. भाऊ म्हणजे ज्यांच्या नावापुढे युवा नेते लिहिलेलं असतं आणि वय लिहिलेलं नसतं. त्यांच्या वाढदिवसाच्या फलकाला त्या भिंतीवर जागा उरली नाही, म्हणून ते चार कार्यकर्ते घेऊन स्वतः आले. “मावशी, हरल्याबद्दल कुनी अभिनंदन करतं व्हय?”

“तुझा वाढदिवस झाला,” मावशी ज्वारी पाखडत म्हणाल्या, “त्यात तू काय जिकलास?”

भाऊ चहा न घेता गेले. कार्यकर्ते मात्र पिऊन गेले.

एकदा घोटाळा झाला. गणपतीचे दिवस होते, फ्लेक्सवाल्याला सवड नव्हती, म्हणून मावशींनी सामन्याआधीच फलक छापून आणला: ‘झुंजार पराभवाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ आणि आपला संघ जिंकला! आम्ही टाळ्या पिटल्या, कोणीतरी शिट्टी मारली, पण मावशी कोपऱ्यातल्या छापील फलकाकडे बघत होत्या. छापलेला फलक वाया घालवणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी ‘पराभवा’वर चुना फासला आणि ‘झुंजार’ आणि ‘बद्दल’ यांच्यामध्ये पांढरी पट्टी असलेला तो फलक लावून टाकला. काहींना तो डिस्टेंपरची जाहिरात वाटला. दिनदर्शिकेवर त्या दिवशी लिहिलं गेलं: ‘जिकल्या. आखूड गाण्याचा देश. त्यांच्या पोरी रडत हुत्या. अश्विनी: बाकड्यावर.’

वर्ष सरत आलं. शेवटच्या दौऱ्यातला शेवटचा सामना दुपारी होता आणि समोर लांब गाण्याचा देश होता. आम्ही उभे राहिलो, बसलो, आणि मग संघाने मार खायला सुरुवात केली. शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा आपण एवढे मागे होतो, की समालोचकाने हवामानाविषयी बोलायला घेतलं. तेवढ्यात समोरच्यांना सात मीटरवरचा दंडाचा फटका मिळाला. त्यात फेकणारी आणि गोलरक्षक, एवढ्या दोघीच समोरासमोर असतात. आपल्या प्रशिक्षकाने बाकाकडे पाहून मान हलवली.

मावशी उभ्या राहिल्या. कुठलंही गाणं लागलं नव्हतं, तरी आम्ही सगळे उभे राहिलो. पडद्यावर अश्विनी धावत गोलात येत होती. तिचा पोशाख इतका स्वच्छ होता, की बघवेना.

“डाव्या पायाशी मारनार ती,” मावशी पुटपुटल्या. “म्या सांगते. डाव्या पायाशी.”

समोरच्या उंच मुलीने एकदा हूल दिली, दुसऱ्यांदा दिली, आणि चेंडू खाली मारला. अश्विनीचा डावा पाय ज्या वेगाने गेला, तो वेग आम्ही ओळखत होतो; तो वेग कमावण्यापायी आमच्या अंगणातली एक तुळस बळी गेली होती. चेंडू पावलाला लागून बाहेर उडाला. पुढे काय झालं ते नीट सांगता येत नाही. तीन नंबरवाल्याने मला उचललं, मी टीपॉय लाथाडला, आणि मावशी टीव्हीवर बोट आपटत ओरडत होत्या, “आगं बाय! आगं माझी बाय!” सामना आपण हरलोच. दिनदर्शिकेवर नोंद झाली: ‘लांब गाण्याचा देश. लई लई मार खाल्ला. अश्विनी: उठली. एक अडवला.’

दुसऱ्या दिवशी भाऊंनी फलक लावला. ‘गावची कन्या’ म्हणून कोपऱ्यात अश्विनीचा छोटा फोटो आणि मधोमध गॉगल लावलेले भाऊ. सकाळी बघतो तो गॉगलच्या डाव्या काचेत बरोबर मध्यावर भोक पडलेलं. अश्विनीच्या फोटोला ओरखडाही नव्हता. “वाऱ्यानं फाटलं आसंल,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या दाराआड खुंटीला एक जुनी गोफण टांगलेली असते. त्या दिवशी ती खुंटीवर नव्हती.

अश्विनीला पुन्हा मैदानात उतरायला मिळालं नाही. पण बाबांना दाखवायला तेवढं पुरलं, आणि त्या एका अडवलेल्या फटक्याच्या बळावर तिला गावाकडच्या शाळेत खेळशिक्षिकेची नोकरी लागली. मागच्या महिन्यात ती पाच नंबरमधली ट्रंक न्यायला आली. रिक्षा दारात उभी होती. मावशींनी ड्रमकडे बघितलं आणि म्हणाल्या, “एक मारू का?”

अश्विनीने चपला काढल्या आणि दोन ड्रमांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मावशींचा खांदा आता दुखतो, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. चेंडू हातातून सुटला तो दोनदा टप्पा खाऊन, लोळत, दमत, तिच्या डाव्या पायाजवळ आला. अश्विनीने झेप घेतली. उजवीकडे.

“मुद्दाम सोडलास,” मावशी म्हणाल्या.

“नाही हो मावशी. नेमच तसा होता.”

रिक्षा गेली. मावशी बराच वेळ ड्रमजवळ उभ्या होत्या. संध्याकाळी त्यांनी पाच नंबरचं कुलूप काढलं आणि खोली झाडून घेतली. मी चहाला खाली गेलो तेव्हा दिनदर्शिका उलटी पडली होती, आणि शाई अजून ओली होती.

‘घरचा सामना. गाणं न्हाई. अश्विनी: मैदानात.’

त्यात कोण जिंकलं, ते मात्र लिहिलेलं नव्हतं.