पुस्तकातल्या चिठ्ठ्या

माझी आत्या वाचनालयाची पुस्तकं घरोघरी पोचवायची. आधी ते काम आतोबांचं होतं. त्यांचे गुडघे जिने चढू देईनात, तेव्हा थोडे दिवस म्हणून तिने पिशवी खांद्याला लावली आणि पुढची सव्वीस वर्षं उतरवली नाही.

शिक्षण सातवीपर्यंत. पण स्वतः न वाचलेलं पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. प्रत्येक घरी दोन पुस्तकं जायची: एक मागितलेलं, एक न मागितलेलं. कादंबऱ्यांवर जगणाऱ्या शिंपीणबाईंना मुंग्यांवरचं. गोष्टी म्हणजे वेळेची नासाडी म्हणणाऱ्या निवृत्त इंजिनिअरांना कथासंग्रह. लोक कुरकुरायचे आणि वाचायचे. इंजिनिअर तर याचा दुसरा भाग आहे का म्हणून विचारायचे, तेही बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

एकदा पाय मोडून घरी बसलेल्या एका गवंड्याला तिने जुन्या पुलांवरचं जाडजूड पुस्तक दिलं. आठवड्याने गेली, तर तो एका पानात बोट घालूनच बसलेला.

"आत्याबाई, हे चुकलंय. कमान बांधली की दुसऱ्या दिवशी खालचा लाकडी आधार काढायचा म्हणे. काढला तर कमान लेखकाच्या डोक्यात पडेल. चुना वाळायला आठवडे जातात."

दुसरं कुणी हसून सोडून दिलं असतं. आत्याने त्याला कागद दिला, लिहायला लावलं आणि ती चिठ्ठी त्याच पानात डकवली.

मग ते लोण पसरलंच. एका कादंबरीचा नायक मांडीचं हाड मोडल्यावर आठव्या दिवशी जिना चढतो. तिथे नर्सबाईंची चिठ्ठी लागली, की याला अजून कूससुद्धा बदलता येणार नाही, बाकी कादंबरी झकास. शिंपीणबाईंनी मुंग्यांच्या पुस्तकात स्वतःच्या खिडकीतल्या रांगेची हकिकत घातली.

ग्रंथपालांना कळलं तेव्हा ते भडकले. पुस्तक म्हणजे काय भिंत आहे, कुणीही यावं आणि चिकटवावं? सगळ्या चिठ्ठ्या काढून टाका, असं त्यांनी बजावलं.

"काढते," आत्या म्हणाली, "पण आधी तुम्ही वाचा."

ते तीन पुस्तकं घरी घेऊन गेले. सोमवारी त्यांनी ती टेबलावर आणून ठेवली. पक्ष्यांवरच्या पुस्तकात एक नवी चिठ्ठी होती, ग्रंथपालांच्या अक्षरात. चिठ्ठ्या काढण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट, नवीन पुस्तकं निवडायला ते तिला शेजारी बसवू लागले.

गवंड्याची चिठ्ठी त्यांनीच उतरवून लेखकाला पाठवली. उत्तर आलं: चूक मान्य, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करतो, आणि या गृहस्थांना भेटायची इच्छा आहे. आत्याने ते पत्र गवंड्याला मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

आता आत्या एक्याऐंशीची आहे. आम्ही डिग्रीवाली भाचरं काय वाचावं ते अजून तिलाच विचारतो. परवा गेलो, तर ती भिंग धरून चंद्रावरच्या मोहिमांचं पुस्तक वाचत होती. कसं आहे, विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली, "पण पन्नास पानं झाली, हे लोक अजून जमिनीवरच आहेत."

आणि तिने पान उलटलं.