चाकाएवढं चीज

चीज ट्रकच्या चाकाएवढं होतं. कँटीनची सुरी त्यात अडकून बसली. शेवटी वर्कशॉपमधून स्टीलची तार आणून ते कापलं. आमचे नवे अमेरिकन जनरल मॅनेजर टाळ्या वाजवत होते. दोह्यातल्या आमच्या मेन्टेनन्स कंपनीचा एक्झिक्युटिव्ह डायनिंग हॉल त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्यांना खुला झाला. प्लंबर, ड्रायव्हर, क्लीनर, सगळे सोफ्यांवर.

कल्पना सरांच्या लाडक्या राष्ट्राध्यक्षांची, अमेरिकेच्या सातव्या. केबिनमध्ये त्यांची तसबीर होती. त्या गृहस्थांनी व्हाइट हाउसची दारं लोकांना उघडली, असंच अवाढव्य चीज खिलवलं, बड्या बँकेशी भांडण घेतलं. सर हे सगळ्यांना सांगत.

मी ॲडमिन बघते, म्हणजे स्टाफची घरं, व्हिसा, बस. वाचायची खोड जुनी, त्यामुळे सर सांगत नसत तेही ठाऊक होतं. याच अध्यक्षांच्या काळात मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून पश्चिमेला हटवायचा कायदा झाला. एका जमातीच्या वतीने तर कोणीच न निवडलेल्या मूठभरांनी करारावर सह्या केल्या. शिवाय जनतेच्या या माणसाच्या शेतावर गुलाम राबत.

चीज बघून मला भूक लागली नाही, शंका आली.

त्याच आठवड्यात सरांचं बोलावणं आलं. दोह्यातल्या अल मुंतझाच्या फॅमिली फ्लॅटमधून सगळ्यांना पार उत्तरेला, शंभरेक किलोमीटरवरच्या समुद्रकाठच्या मदिनत अश शमालला हलवायचं होतं.

“प्रतिनिधींनी होकार दिलाय,” सर म्हणाले. “तुम्ही फक्त नोटीस काढा.”

“प्रतिनिधी निवडले कोणी?”

“मीच. चीजच्या वेळी तिघं भेटले. मोकळी माणसं.”

तिघांतले एक आमचे कुडाळचे सावंत, एसी सुपरवायझर. बायको दोह्यात नर्स, मुलगी दहावीला. शमालला गेले तर एकीची नोकरी सुटणार, दुसरीची शाळा. मी त्यांना जिन्यात गाठलं.

“सावंत, तुम्ही हो म्हणालात?”

“मॅडम, सायबान इचारल्यान, समुद्र आवडता? मी म्हटलंय, आमका नाय तर कोणाक?”

“आणि बाकीचे दोघं?”

“तेंची तोंडा चीजान भरलेली. नुसती मान हलवल्यानी.”

मी त्यांना तसंच केबिनमध्ये नेलं. सावंत इंग्रजीत एवढंच बोलले, “सर, मी फक्त माझ्या घराचं सांगू शकतो. माझं घर नाही म्हणतं.”

“बाकीची घरं मी विचारून येते,” मी म्हटलं. “मग नोटीस.”

सरांनी तसबिरीकडे पाहिलं. “आमच्या अध्यक्षांनी इतका वेळ घालवला नसता.”

“ठाऊक आहे, सर. म्हणूनच आम्ही दोघं आलोय,” मी म्हटलं.

जनतेचा माणूस म्हणवणाऱ्याला जनतेला विचारू नका असं म्हणता येईना. मी दारोदार फिरले. मुलं गावी असलेली काही जोडपी खुशीने शमालला गेली. बाकीची राहिली. सावंतांची मुलगी मुंतझातूनच परीक्षेला बसली.

डायनिंग हॉल आजही सगळ्यांना खुला आहे. ते श्रेय सरांचं, मी नाकारत नाही. तिथल्या कार्पेटला अजून चीजचा वास येतो, तेही त्यांचंच.

साहेब फुकट जेवू घालत असतील तर जरूर जेवावं. फक्त तोंड भरलेलं असताना मान हलवू नये.