पडद्यावरची टिकली

शाहूपुरीतल्या नेट कॅफेत दुपारी माझ्या शेजारच्या कॉम्प्युटरवर एक बाई येऊन बसायच्या. भाजीची पिशवी पायाशी ठेवून त्या पसाऱ्याच्या चित्रात लपलेल्या वस्तू शोधायचा गेम खेळत. सुरू करण्याआधी कपाळावरची टिकली काढून पडद्यावरच्या ‘हिंट’च्या बटणावर चिकटवत. म्हणत, "आयतं दाखवलेलं नगं मला."

एकदा त्यांचे दीर दारात येऊन ओरडले, "वहिनी, घरला चला. लोकं हसाय लागल्यात."

त्यांनी मान वळवली नाही. "हसू देत की. कात्री घावली की येतो."

दीर तिथंच उभे राहिले. मला मात्र कात्री केव्हाच दिसली होती. बाई सुटतील म्हणून मी हळूच बोट पुढं केलं.

त्यांनी पडद्यावरची टिकली उचलली आणि माझ्या बोटाला चिकटवली.