महालक्ष्म्यांच्या दिवशी जोडलेली वायर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही — देवापुढे हात जोडले तरी हा विषय वळसा घालून टाळतो. तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. थकलो आहे, एवढं खरं. गेल्या आठवड्यात सदर बाजारात जे झालं, त्यानंतर तर फारच.

आमचं घर जबलपूरला, ग्वारीघाटाच्या रस्त्यावर. नर्मदा जवळ, त्यामुळे पावसाळाभर भिंती ओल धरतात. चार वर्षांपूर्वी मुलगा पुण्याहून आला आणि म्हणाला, बाबा, ही वायरिंग माझ्या जन्माआधीची आहे, आता बदला. म्हणून शिवप्रसादला बोलावलं. शिवप्रसाद बरगीकडचा इलेक्ट्रिशियन. इथली मराठी घरं ती किती — एका घरी माणूस पसंत पडला की तोच सगळीकडे फिरतो. वीस वर्षं तो आमच्या घराघरांत वावरत होता. आम्ही त्याच्याशी हिंदीत बोलायचो आणि आपापसात, त्याच्यादेखतच, मराठीत. त्याला काय कळतंय, अशी सगळ्यांची समजूत.

बारा दिवस काम चाललं. भिंती फोडल्या, नव्या तारा ओढल्या, आणि मेन बोर्डावर त्याने एक नवा स्विच बसवला. घरात कुठेही करंट गळला की सगळी वीज तोडणारा. जाताना त्याने मला बोर्डापाशी उभं केलं. म्हणाला, "अंकल जी, ये गिरे तो मुझे बुलाना. डायरेक्ट मत करना." मी नुसता हसलो. तीस वर्षं फॅक्टरीत मेंटेनन्समध्ये काढलेली — मला हा शिकवणार?

त्या वर्षी महालक्ष्म्या आमच्याकडे मोठ्या थाटात होत्या. नवी रोषणाई, नवे दिवे. सोळा भाज्या, पुरण, आंबील, पंगतीला पन्नास माणसं. आणि तो स्विच पडायला लागला. चालू करावा, पाच मिनिटांत पुन्हा पडावा. पाहुणे हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, काय हो, एवढा खर्च करून अंधारच? शिवप्रसादला फोन केला. तो दूर कुंडम गावी कामावर होता, संध्याकाळी येतो म्हणाला, तोवर मागचा पंप बंद ठेवा म्हणाला. पण मला संध्याकाळपर्यंत दम कुठला? आणि पंप बंद म्हणजे पाणी बंद. जुनी पक्कड काढली. स्विचला बगल देऊन वायर सरळ जोडली आणि वर काळी टेप गुंडाळली. दिवे लागले. सगळे वा वा म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू — मला ते आवडलं. शिवप्रसादला मीच कळवलं, येऊ नका, जमलं.

मग मी ते विसरलो. विसरलो का? नाही. सणाची गडबड सरू दे, मग बघू, असं रोज म्हणत राहिलो.

नवव्या दिवशी सकाळी बायको ओल्या पायांनी मागच्या अंगणात गेली आणि तिने पंपाला हात लावला. पंपातूनच करंट गळत होता. तो स्विच म्हणूनच पडत होता. शेजाऱ्याने धावत जाऊन मेन बंद केला. ती वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र तेव्हापासून मिटत नाहीत. महालक्ष्म्यांपुढची रांगोळी तीच काढायची, दारापासून देवघरापर्यंत. आता काढत नाही.

दवाखान्यातून मी आधी घरी आलो. कशाला, ओळखलंच असेल तुम्ही. बोर्ड उघडला, माझी वायर काढली, स्विच पहिल्यासारखा जोडला. बायको तिकडे खाटेवर पडलेली, आणि मी इकडे स्क्रू आवळत होतो.

तिसऱ्या दिवशी ती घरी आली. ओसरीवर माणसं जमली होती, मुलगाही पोचला होता. कळल्याबरोबर शिवप्रसाद आपणहून आला, चप्पल काढून दारापाशी उभा राहिला. मुलाने मला विचारलं, स्विच होता ना, मग पडला कसा नाही? सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी मराठीत म्हणालो — त्याच्यासमोर, त्याच्याकडे न बघता — "ह्यानेच चुकीचं जोडलं होतं. मी पाहिलं उघडून."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या ह्याच.

शिवप्रसाद दारातून आत आला. बोर्डापाशी गेला, झाकण उघडलं. मी घाईत टेपचा एक तुकडा आत विसरलो होतो. काळी टेप, तो नेहमी लाल वापरायचा. त्याने तो तुकडा नखाने सोडवला, बोटांत धरला, माझ्याकडे पाहिलं. माझा मुलगा शेजारीच उभा होता. मग तुकडा खिशात टाकून त्याने झाकण लावलं. "ठीक है, अंकल जी," म्हणाला आणि गेला.

कोजागिरीपर्यंत गोष्ट घरोघर पोचली. मला कुठे जावं लागलं नाही. एकदा ओसरीवर बोललो तेवढं पुरलं. ज्या घरांत तो वीस वर्षं जात होता, तिथे दुसरा माणूस येऊ लागला. मी गप्प राहिलो. एका वाक्याचं काम होतं. चार वर्षांत ते वाक्य मला कितीदा तोंडाशी आलं सांगू? खूपदा. आणि मी ते प्रत्येकदा गिळलं.

गेल्या आठवड्यात बायको सदरमधून आली ती चकित होऊन. बल्बच्या दुकानात शिवप्रसाद काउंटरवर उभा होता, म्हणे. आता तिथेच नोकरी करतो.

"अहो, त्याला मराठी येतं," ती म्हणाली. "मला म्हणतो कसा — काकू, हात कसा आहे आता? अगदी आपल्यासारखं बोलून राहिला होता."

म्हणजे त्या दिवशी ओसरीवर त्याला शब्द न् शब्द कळला होता. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी उत्तरच दिलं नाही," ती म्हणाली. "तोंड फिरवून निघून आले. काहून बोलू त्याच्याशी?"

तिची ती दोन बोटं पिशवीच्या बंदाबाहेर ताठ राहिली होती. माझ्या उत्तराची ती वाट बघत होती.

मी म्हणालो, "बरं केलंस."