दोघांपुढे एकच गोष्ट

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी छापखान्यात संपाच्या पत्रकाची प्रुफं वाचत होतो. ‘सरी’, म्हणजे ‘बरं’, एवढंच म्हणालो, खाली बसलो आणि उरलेलं पान तपासून संपवलं. त्यात एकही चूक राहिली नाही... आज महिना झाला, मी तसाच कोरडा आहे.

अण्णा बेळगावकडचे, इथे बंगळुरात सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन. दर रविवारी राजाजीनगरात मराठी मंडळाच्या खोलीत ते आम्हा दहा-बारा जणांना आख्यानकाव्य शिकवत. एखाद्या आख्यानातला राजा उदार, त्याचा भाऊ कंजूष, असं कुणी उत्तर दिलं की कपाळाला हात लावत. “अरे, ही विशेषणं झाली. माणसं कुठायत? दोघांपुढे एकच गोष्ट ठेव नि बघत राहा.” मग कडवी चाळायला लावत. दाराशी तोच भिकारी येतो. राजा दान टाकून तोंड फिरवतो, भाऊ काही देत नाही, पण त्याच्याजवळ बसून गाव विचारतो. आमची उत्तरं तिथेच कोसळत.

गेल्या वर्षी मंडळाचे चिटणीस पाटणकर यांनी ती खोली नाटकाच्या तालमींना दिली आणि वर्ग बंद पडला. मी पेटलो. पाटणकरांविरुद्ध चार पानी पत्रक लिहून अण्णांकडे नेलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

“यात पाटणकर कधी जेवतो का रे? झोपतो?”

“त्यांच्या झोपेशी मला काय करायचंय, अण्णा?”

“मग हे बुजगावणं झालं. दगड मारायला बरं.”

आतून अण्णांच्या पत्नी, अक्का, हसल्या. पत्रक छापलं नाही. वर्गही पुन्हा भरला नाही, अण्णांचे उरलेले सगळे रविवार रिकामे गेले. त्याबद्दल पाटणकरांना मी माफ केलेलं नाही.

तेराव्यानंतर अक्कांना भेटायला गेलो, तर पाटणकर आधीच येऊन बसलेले. अक्कांनी आम्हा दोघांपुढे कॉफी ठेवली, “स्वल्प घ्या” म्हणाल्या. पाटणकरांनी पेला ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मी माझी कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो. गोड होती, एवढंच कळलं.

दोन्ही पेले शेजारी शेजारी होते... मी बघत राहिलो.

खोली अजून तालमींकडेच आहे आणि माझ्या पत्रकातला शब्द न् शब्द खरा आहे. पण ते आता छापायचं, तर त्यात पाटणकरांचा भरलेला पेला घालावा लागेल. आणि माझा रिकामाही.